‘हा हात माझा’ असे कोण म्हणतो?
(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अनात्मवादावर बोलावे, असे मला सांगण्यात आले. हा विषय अनेकांना अवघड आणि रूक्ष वाटतो. म्हणून आज मी ग्रंथापासून सुरुवात न करता एका रबरी हातापासून करतो.

सन १९९८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या मॅथ्यू बोटव्हिनिक आणि जोनाथन कोहेन या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दहा माणसे घेतली. प्रत्येकाने डावा हात टेबलावर ठेवायचा. मध्ये आडपडदा, त्यामुळे स्वतःचा हात दिसत नाही. डोळ्यांसमोर मात्र एक रबरी डावा हात ठेवलेला. मग दोन लहान ब्रश घेऊन खऱ्या हातावर आणि रबरी हातावर एकाच वेळी, एकाच तालात फिरवायचे. माणसाने फक्त रबरी हाताकडे पाहत राहायचे. असे दहा मिनिटे चालले. त्यानंतर लोकांनी सांगितले की, स्पर्श त्या रबरी हातावरच होत आहे, असे आम्हाला वाटले. तो हात जणू आमचाच झाला!

पुढे डोळे मिटून, उजव्या हाताचे बोट टेबलाखालून सरकवत डावा हात कोठे आहे ते दाखवायला सांगितले. ज्यांना हा भास झाला होता, त्यांचे बोट रबरी हाताच्या दिशेने सरकले. दोन्ही ब्रशांचा ताल चुकवला, की भास ओसरे.

मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. हात रबराचा आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. कोणाला फसवलेले नव्हते. ठाऊक असूनही भास झाला. हा मुद्दा मनात ठेवा, शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

हे कसे घडते? मेंदूला शरीराबद्दल निरनिराळ्या वाटांनी निरोप येतात. डोळे एक सांगतात, त्वचा दुसरे सांगते, आणि हात कोठे आहे ते सांधे व स्नायू सांगतात. डोळे आणि त्वचा यांचे एकमत झाले, की मेंदू सांध्यांची साक्ष मागे टाकतो आणि ‘हा माझा’ असा निकाल देऊन मोकळा होतो. सन २००४ मध्ये हेन्रिक एरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भास चालू असताना मेंदूची चित्रे घेतली. जेथे दृष्टी आणि स्पर्श यांचे निरोप एकत्र येतात, अशा मेंदूच्या पुढच्या बाजूच्या एका भागाचे काम त्या वेळी वाढलेले दिसले. त्याआधी २००३ मध्ये कॅरी आर्मेल आणि मूळचे तामिळनाडूचे डॉ. रामचंद्रन यांनी रबरी हाताचे बोट मागे वाकवून पाहिले. दुखापत होणार, या धास्तीने माणसाच्या खऱ्या त्वचेला घाम सुटतो, हे त्यांनी यंत्राने मोजून दाखवले.

एरसन यांनी २००७ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. माणसाच्या पाठीमागे कॅमेरे ठेवले आणि त्यांतले चित्र चष्म्यासारख्या पडद्यांतून त्याच्याच डोळ्यांना दाखवले. त्याच्या छातीला स्पर्श होत असताना त्याच क्षणी कॅमेऱ्यांसमोरही, जणू छातीलाच स्पर्श होतो आहे अशा रीतीने, दांडी हलवली. माणसाला वाटू लागले की, आपण शरीराबाहेर, आपल्याच पाठीमागे बसलो आहोत. यात कोणाचा आत्मा बाहेर पडला नव्हता. आत्मा देहाबाहेर फिरवून आणतो, असे सांगून दक्षिणा उकळणारे आजही आहेत. त्यांना हा प्रयोग सांगावा.

तथागतांनी सारनाथ येथे पाच भिक्खूंना काय समजावले? रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध. यांतला एकही ‘मी’ नाही, कारण एकही आपल्या हुकमात नाही. शरीर माझे असते, तर त्याला आजारी पडू नकोस असे सांगता आले असते. आता, विज्ञानाने बुद्धांना प्रमाणपत्र दिले, असे मी म्हणणार नाही. बुद्धांचा प्रश्न दुःखाचा होता, प्रयोगशाळेचा प्रश्न मेंदूचा आहे. परंतु ‘माझे’ ही जाणीव कारणांपासून उत्पन्न होते आणि कारणे बदलली की बदलते, येथे दोघांची वाट जवळ येते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. सन २०१३ मध्ये बार्सिलोना येथील संशोधकांनी गोऱ्या स्त्रियांना संगणकाच्या आभासी जगात काळे शरीर दिले. ते शरीर आपले वाटल्यावर काळ्या लोकांविषयीचा त्यांचा सुप्त पूर्वग्रह चाचणीत कमी झालेला आढळला. पण याच परंपरेतल्या २०२० च्या प्रयोगात, आभासी जगातील आजूबाजूची माणसे वाईट वागत असतील तेव्हा तसा लाभ दिसला नाही. म्हणजे मन बदलायचे, तर भोवतालचा समाजही बदलावा लागतो.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला ते चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. एका माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, हा दुसऱ्या माणसाच्या मनातला भास होता, आणि त्या भासाला धर्माचा व सत्तेचा आधार होता. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण रबरी हात आठवा. खोटे आहे हे ठाऊक असूनही भास राहतो. समतेवर निबंध लिहिणाऱ्याचा हातही पाण्याचा पेला देताना आखडतो. नुसत्या माहितीने हे सुटत नाही. त्याला सहवास लागतो, एका पंगतीतले जेवण लागते, कायदा लागतो आणि संघर्षही लागतो.

विद्यार्थ्यांनो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. एहिपस्सिको, या आणि पाहा, हीच आपली शिकवण. रबरी हातमोज्यात कापूस भरा, एक पुठ्ठा आडवा उभा करा, दोन ब्रश घ्या. प्रयोगाला मित्र मात्र दुसऱ्या आळीतला बोलवा. दोन हात एकाच टेबलावर शेजारी ठेवायला त्यापेक्षा चांगले निमित्त कोणते?

 जयभीम! नमो बुद्धाय!