आकाशवाणी आणि खिशातली वाणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चिंचपाडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, लग्नकार्यातील उधळपट्टी, वसतिगृहाचा निधी अशा भारदस्त विषयांवर भाषणे होतात. यंदा चिटणीसांनी माझ्यावर हा हलकाफुलका वाटणारा विषय सोपवला, त्याला एक कारण घडले. कार्यकारी मंडळाच्या गेल्या बैठकीत असा ठराव आला की, मंडळाची पोस्टकार्डे व छापील पत्रके बंद करावीत आणि यापुढे सर्व सूचना भ्रमणध्वनीवरून पाठवाव्यात. चर्चेच्या भरात आमचे एक तरुण सभासद म्हणाले, "काका, रेडिओ मेला, तसेच पोस्टकार्डही मेले असे समजा." मी म्हणालो, "रेडिओ मेला, हे तुम्हांस कोणी सांगितले?" एवढ्या एका प्रश्नाची शिक्षा म्हणून आज मी आपणांसमोर उभा आहे.

प्रश्न उघड आहे. आज प्रत्येकाच्या खिशात एक यंत्र आहे. त्यावर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी वाजते. कीर्तन, व्याख्यान, परीक्षेची शिकवणी, परदेशातील भाच्याने ध्वनिमुद्रित करून पाठवलेला निरोप, सारे काही त्यात मावते. मग ठरावीक वेळी, ठरावीक कार्यक्रम, तोही खरखरीसकट ऐकवणाऱ्या आकाशवाणीने या यंत्रापुढे टिकाव कसा धरावा?

उत्तराकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण आकाशवाणीची ही पहिलीच शर्यत नव्हे. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, ते एका खाजगी कंपनीचे होते. अवघ्या तीन वर्षांत ती कंपनी डबघाईस आली आणि सरकारने हे काम आपल्या हाती घेतले. म्हणजे आपल्या देशात नभोवाणीचे पहिले मरण १९३० सालीच लिहिले गेले होते! पुढे १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कळकळीचे पुरस्कर्ते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते व त्यानुसार त्या गीतांना कात्री लागली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरवला आणि थेट सिंहलद्वीप गाठले. रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' त्याच साली सुरू झाली आणि आठवड्यातील त्या एका संध्याकाळी गावोगावचे रस्ते ओस पडू लागले. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली, तेव्हा कोठे श्रोते परतले. केसकरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे अनेक गवयांच्या घरी चूल पेटली. परंतु श्रोत्याला पर्याय मिळाला की तो उपदेशासाठी थांबत नाही, हे त्या पाच वर्षांनी दाखवून दिले. आजचे भ्रमणध्वनी म्हणजे हजारो सिलोन केंद्रे एका डबीत भरलेली आहेत, एवढाच काय तो फरक.

आता याच काळातील दुसरी हकीकत सांगतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि दीड वर्षाच्या आत, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, तेथून 'गीतरामायण' प्रसारित होऊ लागले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. पुढील वर्षीच्या रामनवमीपर्यंत आठवड्यामागून आठवडे मिळून ५६ गीते झाली. माझे वडील सांगत की, गीताच्या वेळी रेडिओसंचाला हार घालून, उदबत्ती लावून माणसे समोर बसत. आज ती सर्व गीते खिशातल्या यंत्रात आहेत. मध्यरात्री उठून ऐकली तरी कोणी हरकत घेणार नाही. मात्र पुढच्या आठवड्यात कोणता प्रसंग येणार, या उत्सुकतेने सारा महाराष्ट्र एकदम थांबला होता, ते थांबणे त्या यंत्रात नाही. नव्या साधनाने गाणे आणून दिले, सोबत मात्र आणली नाही.

आपल्या भागापुरते बोलायचे तर जळगाव केंद्र निघाले १९७६ साली. तोवर खानदेशातील माणूस मुंबई नाहीतर पुणे ऐकत असे. माझ्या लहानपणी आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक संच असे. संध्याकाळी बाजारभाव, शेतीचा कार्यक्रम आणि बातम्या. गुजरातीत व्यापार करणारे, अहिराणी बोलणारे, घरी मावची बोलणारे, सारे त्याच ओट्यावर बसत आणि बातम्या संपल्यावर ज्यांना मराठी नीट उमगले नाही त्यांना इतर जण समजावून सांगत. पुढे मला वाचनात आढळले की १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत हाच प्रयोग रीतसर केला होता. गावातील काही माणसांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली, तेव्हा ऐकून चर्चा करणाऱ्या गावांच्या ज्ञानात स्पष्ट भर पडलेली दिसली. आमच्या ओट्यावर पाहणी करायला कोणी आले नाही, हा भाग वेगळा.

तांत्रिक बाजूही थोडी सांगितली पाहिजे. भगिनींनी कंटाळू नये. प्रक्षेपकातून निघालेली लहर एक माणूस ऐको वा लाख ऐकोत, खर्च तोच. महाजालावरून येणारा आवाज मात्र प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र पाठवावा लागतो आणि त्याचा भार श्रोत्याच्या खिशावर पडतो. साधारण बऱ्या प्रतीचा आवाज ऐकण्यास तासाला ५५ ते ६० मेगाबाईट लागतात. सप्टेंबर २०१६ नंतर हे दर इतके उतरले की शहरातील माणसाला त्याची जाणीवही राहिली नाही. डोंगराच्या कुशीतील पाड्यावर पैशापेक्षा लहरच मिळत नाही, हे दुखणे मोठे. याउलट मध्यमलहरी जमिनीला धरून दूरवर जातात व रात्री आकाशातून परावर्तित होऊन आणखी दूर पोहोचतात. म्हणून तर रात्री आपल्या संचावर परराज्यांतील केंद्रे लागत. एफएम लहरींचा आवाज स्वच्छ, परंतु त्या सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की थबकतात. सरकारने २८ एप्रिल २०२३ रोजी देशभर ९१ नवे एफएम प्रक्षेपक सुरू केले. प्रत्येकाची शक्ती १०० वॉट. सपाटीवर ती दहापंधरा किलोमीटर पुरेल. आपल्याकडील डोंगरदऱ्यांत तिचे काय होईल, हे ज्याने बैलगाडीने घाट चढला आहे त्याला सांगावे लागत नाही.

येथे आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या साध्या भ्रमणध्वनीत कानाची तार लावली की रेडिओ लागे. मुलांनी नवे, महाग यंत्र घेतले आणि पुष्कळदा त्यात ती सोयच नसते. त्याच एप्रिल महिन्यात केंद्र सरकारने निर्मात्यांना ही सोय काढू नये असा सल्ला दिला, आपत्तीच्या वेळी रेडिओ उपयोगी पडतो या कारणासाठी. सल्ला हा सल्लाच असतो, असो.

परदेशांतही शर्यत एकसारखी चाललेली नाही. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद करून अंकीय नभोवाणी आणली. आपल्या आकाशवाणीनेही तीसहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपक अंकीय पद्धतीचे केले. परंतु ते ऐकण्याचे संच महाग, म्हणून श्रोते थोडे. बी.बी.सी.ची हिंदी लघुलहर सेवा १९४० पासून चालली होती, ती ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. हे ऐकून आमचे तरुण सभासद टाळी वाजवतील! पण एका ग्रामोफोन कंपनीने २०१७ साली 'कारवाँ' नावाचा डबा बाजारात आणला, त्याचीही आठवण त्यांनी ठेवावी. आत ५००० गाणी भरलेली, रूप मात्र जुन्या रेडिओचे, आणि त्यात एफएमही. तो आपापल्या आईवडिलांसाठी कोणी विकत घेतला? याच पिढीने.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो सांगताना मला संकोच वाटतो, कारण दोष आपल्याच पदरात आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या ज्ञातीतील एका वृद्ध भगिनीच्या धाकट्या भावाचे निधन झाले. वार्ता मंडळाच्या भ्रमणध्वनी-समूहावर तासाभरात गेली. दोनशे जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. त्या भगिनीजवळ तसले यंत्र नाही. मुलगा सुरतेस नोकरीला. त्याने वाचले, पण आईला कोणीतरी सांगितले असेल असे गृहीत धरले. शेजाऱ्यांनीही तसेच गृहीत धरले. भावाचे दहावे झाल्यावर तिला कळले. ती मला म्हणाली, "भाऊ, पूर्वी कार्ड यायचे, ते पोस्टमन वाचून दाखवायचा." यावर मी काय बोलणार? समूहात सर्वांना कळले होते. म्हणूनच तिला कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या बाजूचीही सचोटीने नोंद केली पाहिजे, नाहीतर मी जुन्याचा आंधळा भक्त ठरेन. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात पूर आला तेव्हा आमच्या घरची वीज गेली, भ्रमणध्वनी निकामी झाला. माळ्यावरचा जुना संच काढून त्यात नवे सेल घातले. एक केंद्र खरखरत लागले. दिल्लीची बातमी मिळाली, मुंबईची मिळाली, भावगीतही मिळाले. आमच्या नदीचे पाणी चढते आहे की उतरते आहे, पूल शाबूत आहे की नाही, हे मात्र त्या आवाजाला ठाऊक नव्हते. ते कळले शेजारच्या मुलाकडून, तो चिखल तुडवत जाऊन पाहून आला तेव्हा. मग मी स्वतःशी म्हणालो, रेडिओची लहर टिकली याचा आनंद कसला मानायचा, ती आपल्याविषयी काही बोलतच नसेल तर? गाण्यांच्या बाबतीत रेडिओ हरला आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. तो आता ती शर्यत जिंकणार नाही. जवळच्या माणसाला जवळची वार्ता, त्याच्या बोलीत, विनामूल्य आणि सर्वांना एकदम देणे, हे काम खिशातले यंत्र अजून करीत नाही. रेडिओने ते केले तर तो जगेल.

असे करणारी केंद्रे महाराष्ट्रात आहेत. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे 'माणदेशी तरंग' ही सामुदायिक वाहिनी चालते. तेथील बाया आपल्याच बोलीत बोलतात. शिक्षणसंस्थांशिवाय नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही अशा केंद्राची परवानगी मागता येते, हे २००६ पासूनचे धोरण आहे. आमचे काही उत्साही सभासद लगेच म्हणतील, मग आपल्या मंडळानेच काढावे. बंधूंनो, मी याला विरोध करीन. समूहात कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हे आपण ठरवू शकतो. लहर ज्ञात विचारीत नाही. ती पाड्यावरही जाईल, बाजारपेठेतही जाईल. असे केंद्र या खोऱ्यात कधी निघालेच, तर ते सर्वांचे असावे, त्यात मावचीला मराठीइतकाच मान असावा, आणि आपल्या मंडळाने वर्गणी द्यावी व पाटीवर नाव लावू नये.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे, म्हणून कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. निधनवार्तेचे पोस्टकार्ड बंद करू नये. बाकी सारी पत्रके खुशाल भ्रमणध्वनीवर जाऊ द्यावीत, त्यात पैसे वाचतात व मला आनंदच आहे. आणि ज्यांच्या घरी यंत्र नाही अशा सभासदांची यादी करून प्रत्येकाच्या नावापुढे शेजारच्या एका तरुणाचे नाव लिहावे. समूहावर वार्ता आली की त्याने जाऊन तोंडी सांगायची. आमच्या त्या तरुण सभासदांनी यादी करण्याचे काम पत्करले आहे, हे मी जाहीरपणे सांगतो, म्हणजे त्यांना मागे फिरता येणार नाही.

तसेच येत्या महिन्यापासून दर रविवारी सायंकाळी या सभागृहात एकत्र बसून ऐकण्याचा उपक्रम सुरू करावा असे काहींनी सुचवले आहे. अर्धा वेळ आकाशवाणी, अर्धा वेळ मुलांनी आपल्या आजीआजोबांच्या आवाजात मुद्रित केलेल्या आठवणी. त्या मुद्रणाला त्यांचेच यंत्र उपयोगी पडेल. संच मी घरून आणीन, तो अजून चालतो. या इमारतीच्या लोखंडी छपराखाली मात्र तो नीट लागत नाही, हे मी काल करून पाहिले. म्हणून वीसेक हात तांब्याची तार आणि ती बाहेरच्या चिंचेवर चढून बांधणारा एक मुलगा हवा आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी भोजनाच्या आधी चिटणीसांकडे नाव द्यावे.