रक्त मोजणारी पिशवी

रायपुरात आपण जमलो आहोत, तर आधी इथलाच आकडा सांगतो. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे छत्तीसगडमध्ये १३७ माता दगावल्या. महाराष्ट्रात ३३.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे अशा मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की धोक्याची घंटा. पण अर्धा लिटर झालं, हे कळणार कसं? रक्त चादरीत मुरतं, कापसात जिरतं, फरशीवर सांडतं. बहुतेक ठिकाणी नजरेनंच अंदाज केला जातो.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर यावर एक स्वस्त साधन तयार केलं. बाळंतिणीच्या खाली अंथरायची प्लास्टिकची पिशवी, नरसाळ्यासारखी, वर मापाच्या रेघा. बेळगावच्याच जिल्हा रुग्णालयात १२३ बायकांच्या प्रसूतीत तिची परीक्षा झाली. नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे पिशवी दिली की काम झालं? नाही. युरोपातल्या १३ देशांत पंचवीस हजारांहून जास्त प्रसूतींमध्ये अशा पिशवीची चाचणी झाली. काही प्रसूतिगृहांना पिशवी दिली, काहींना नाही. २०१० साली निकाल आला : गंभीर रक्तस्रावात म्हणावा असा फरक पडला नाही.

मग २०२३ साली ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचा निकाल आला. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका. ८० रुग्णालयं, दोन लाखांवर प्रसूती. इथे पिशवीबरोबर एक शिस्तही दिली होती. रक्त धोक्याच्या रेघेला टेकलं की थांबायचं नाही. गर्भाशय चोळणं, ते आकुंचन पावण्याचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी, हे सगळं एकदमच सुरू करायचं. पूर्वीच्या पद्धतीत निम्म्याच बायकांचा रक्तस्राव लक्षात येत होता. इथे तो ९३ टक्क्यांचा लक्षात आला. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

पिशवी जवळपास तीच. फरक पडला तो माप दिसल्यावर लगेच काय करायचं, हे ठरलेलं होतं म्हणून.

आपल्यापैकी अनेक जण दवाखान्यांना यंत्रं देणगी म्हणून देतात. चांगलंच आहे. पण देण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे यंत्र आपल्यासारख्या ठिकाणी, वीज जाते आणि हाताशी माणसं कमी असतात तिथे, तपासलंय का? रात्रपाळीची नर्स ते एकटी वापरू शकेल का? आणि त्यानं धोका दाखवल्यावर लागणारं औषध त्याच खोलीत आहे का?

मितानिन ज्या केंद्रात गरोदर बाईला घेऊन पोचते, तिथे या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असायला हवीत.