समुपदेशकाच्या निवडीत विद्यार्थ्यांचा शब्द



शाळेत माणूस नेमताना आपण पदवी पाहतो, अनुभव पाहतो आणि, खरे बोलायचे तर, ओळखही पाहतो. समुपदेशकाच्या नेमणुकीत ही ओळखच घातक ठरू शकते.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने बाल व किशोरवयीन मनःस्वास्थ्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्यानुसार नेमणुका होतील, खोलीवर पाटीही लागेल. परंतु त्या खोलीत मूल आपणहून जाईल का?

भिवंडी शहर मोठे असले तरी आपापल्या समाजाचे वर्तुळ लहान असते. दहावीच्या धास्तीने झोप उडालेल्या व्यापारी घरातील मुलाची पहिली भीती असते, ‘हे पेढीवर बाबांच्या कानावर गेले तर?’ यंत्रमागाच्या पाळ्यांवर ज्यांचे घर चालते, घरात तेलुगू किंवा भोजपुरी बोलली जाते, त्या मुलीला शंका असते की, या बाईंना माझे बोलणे कळेल का. मुलाखतीस बसणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांना हे प्रश्न सहसा सुचत नाहीत.

म्हणून माझी सूचना आहे. पात्रता, पूर्वानुभव व चारित्र्याची पडताळणी मोठ्यांनीच करावी. तो भार मुलांवर टाकू नये. त्यानंतर उरलेल्या दोन-तीन उमेदवारांशी आठवी ते दहावीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांनी, एका शिक्षकाच्या उपस्थितीत, अर्धा तास बोलावे. हे विद्यार्थी केवळ वर्गप्रमुख किंवा पहिल्या क्रमांकाचे नसावेत. (भाषणस्पर्धेची बक्षिसे मिळवणारी मुले आपण सर्वत्र पुढे करतो, येथे मागच्या बाकावरचा एखादा अधिक उपयोगी पडेल.) मुलांनी स्वतःचे दुःख मांडायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचे.

त्यातील एक प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: ‘मी सांगितलेले तुम्ही कोणाला सांगाल?’ ‘कोणालाही नाही’ हे उत्तर गोड असले तरी खरे नव्हे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प बसता येत नाही. जो उमेदवार ही मर्यादा मुलांना सोप्या शब्दांत आधीच सांगतो आणि बाकीचे त्या खोलीबाहेर जाणार नाही याची हमी देतो, तोच योग्य. उत्तर देताना त्याची नजर मुलांकडे असते की शिक्षकांकडे, हेही मुले नेमके टिपतात.

हे काही नवलाचे नाही. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत आहे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. इंग्लंडमधील अनेक शाळांत शिक्षक निवडतानाही विद्यार्थ्यांचा गट उमेदवारांशी बोलतो.

शिस्तीचा प्रश्न निघेल, तो रास्तही आहे. अंतिम निर्णय विश्वस्त मंडळाचाच राहील. मात्र मुलांचे लेखी मत निर्णयापूर्वी वाचले जावे, आणि मंडळाने वेगळा उमेदवार निवडला, तर त्याचे कारण अध्यक्षांनी स्वतः त्या पाच-सहा मुलांना बोलावून सांगावे.