अंगठा कशावर दिला?

(वाडी, नागपूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



वाडीचं बोलावणं आलं तेव्हा वाटलं, अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या आणि गोदामांच्या गर्दीत जंगलाचं कोण ऐकणार? पण इथे निम्म्या जणींची माहेरं रामटेक, पारशिवनी, उमरेडकडची निघाली. मग बोलायलाच हवं.

पेंच नदी एकच, पण तिच्या काठी व्याघ्रप्रकल्प दोन. एक मध्य प्रदेशचा, दुसरा आपला, १९९९ सालचा. वर दिल्लीचं प्राधिकरण, खाली राज्याचं वनखातं, मग क्षेत्र संचालक. २००६च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक प्रकल्पाला व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान आलं. पर्यटकांच्या फीचा पैसा तिथे जमतो. अगदी तळाशी गावची समिती, आणि तिचा सचिवही वनखात्याचाच! आता वनरक्षक म्हणून मुली येतात, याचा आनंद आहे. २०२१च्या नोव्हेंबरात ताडोबात पाहणी करताना त्यांतलीच एक वाघाच्या हल्ल्यात गेली. जोखमीच्या कामाला बाई चालते, निर्णयाच्या खुर्चीवर मात्र क्वचितच दिसते.

एका गावात पुनर्वसनाच्या सभेला गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. ठराव आधीच लिहून आणलेला. पुरुष पारावर, बायका घरी, आणि हजेरीच्या वहीत बायकांचे अंगठे! एका विधवा बाईला विचारलं, "मावशी, अंगठा कशावर दिला?"

"राशनचा कागद होय म्हने."

यादीत तिचं नाव दिराच्या कुटुंबात घातलेलं. खरं तर पुनर्वसनाच्या नियमांत विधवा हे स्वतंत्र कुटुंब धरतात. कुटुंबामागे आधी दहा लाख होते, २०२१पासून पंधरा झाले. म्हणजे एका अंगठ्यात तिचे पंधरा लाख गेले असते. आम्ही अर्ज केला, आठ महिने खेटे घातले. नाव वेगळं झालं. पैसे अजून यायचे आहेत.

वनहक्क कायदा २००६चा. संरक्षित क्षेत्रातून गाव हलवायचं तर ग्रामसभेची लेखी संमती लागते. नवराबायकोचा पट्टा दोघांच्या नावे निघतो. २०१२च्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. हजर म्हणजे बसलेल्या, वहीतल्या नव्हेत. तेव्हा सभेत आधी वही मागा, डोकी मोजा, मगच ठराव वाचू द्या.

आणि वेळेचं पाहा. मोहफुलांच्या दिवसांत बायका पहाटेच जंगलात जातात, आणि सभा ठेवतात सकाळी नऊला! सभा दुपारी घ्या, असा अर्ज आम्ही दिलाय. उत्तर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, कोणाला यायचं असेल तर नाव द्या.