स्वतःच्या गाडीने खर्ड्याला



अहिल्यानगर जिल्ह्यात एका दिवसाची सहल म्हटली की गाडी आपसूक शिर्डी, शनिशिंगणापूर नाहीतर भंडारदऱ्याकडे वळते. आज मी तुम्हाला नेमक्या उलट दिशेला, जामखेडच्या रस्त्याला लावणार आहे. जामखेडच्या पुढे थोडं अंतर गेलं की खर्डा. नगरहून शंभर किलोमीटरच्या आतच.

या वाटेची एक गंमत आहे. जामखेड तालुका आपलाच, पण तिथं जाताना कडा, आष्टी म्हणजे बीड जिल्हा ओलांडावा लागतो. 1948 पर्यंत तो निजामाचा मुलूख होता. खर्ड्याला जाणाऱ्याला अशी नकळत प्रस्तावनाच मिळते म्हणा ना. घाई करू नका. उसाच्या ट्रॉल्या पुढे असतात, आणि गावोगावचे गतिरोधक जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत.

खर्डा हे एकेकाळी मोठ्या उलाढालीचं गाव. व्यापारी, दुकानदार आणि सावकार यांची पाचशेच्या वर घरं इथं असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. धान्याचा आणि देशी कापडाचा व्यापार चाले. गाव निंबाळकरांचं. हे मराठा सरदार, पण चाकरी निजामाची. त्यांचा वाडा गावात होता, आणि 1743 साली बांधलेला भुईकोट गावाच्या कडेला. किल्ला चौकोनी, तट 25-30 फूट उंच, भोवती खंदक. अलीकडे किल्ल्याजवळ 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला आहे. तो लांबूनच दिसतो, त्यामुळे मोबाइलवरचा नकाशा बंद केला तरी चालेल. फक्त सगळा वेळ मान वर करून फोटो काढण्यात घालवू नका. इथली खरी गोष्ट जमिनीवर आहे, चढउतारात आहे.

तटावरून चारी बाजूंना पाहा. जवळपास सगळीकडून टेकड्यांनी घेरलेली जागा. 11 मार्च 1795 ला इथंच मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची लढाई झाली. मराठ्यांच्या चौथाईच्या थकलेल्या बाकीवरून तंटा पेटला होता. निजाम अली बिदरहून निघाला आणि मोहरी घाट उतरून इकडे आला. त्याच्याकडे फ्रेंच सेनानी रेमों याने कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या. इंग्रजांनी मदत करावी अशी त्याची अपेक्षा होती, पण गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. समोर पेशव्यांचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले. सारे मराठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र आले ते इथं शेवटचे.

प्रत्यक्ष लढाई मात्र फार मोठी झालीच नाही. निजामाबरोबर जनानखाना होता, आणि त्याच्या सुरक्षेची चिंता त्याला लागली. रात्री छावणीत घबराट उडाली, फौज पांगली, आणि निजाम या कोटाच्या आत शिरला. मराठ्यांनी तोफा टेकड्यांवर चढवल्या. आत पाण्याचे हाल सुरू झाले. एवढा भक्कम तट, पण तहानेपुढे काय करणार? तह झाला: दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोट रुपये, आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या ताब्यात.

विजयाच्या कथा आपण शाळेपासून ऐकतो. मला त्यापेक्षा त्या छावणीतला एक प्रसंग मोलाचा वाटतो. तो ग्रँट डफने नोंदवला आहे. पेशवे सवाई माधवराव तेव्हा एकविसाव्या वर्षात. सगळीकडे जल्लोष चाललेला आणि पेशवे उदास. कारभारी नाना फडणविसांनी कारण विचारलं. उत्तराचा आशय असा, की एका बाजूची फौज न लढता पळते आणि दुसऱ्या बाजूची न कष्टता मिळालेल्या यशाच्या बढाया मारते, हे पाहून वाईट वाटतं. इतिहासकारांनी या मुलाला नानांच्या सावलीतला म्हणून बाजूला सारलं. या एका उत्तरासाठी तरी त्याच्याकडे नीट पाहायला हवं, असं मला वाटतं.

पुढचं झटपट सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून कोसळून गेले. वारसाचा घोळ सुरू झाला. कैदेतल्या दिवाणाने पुण्यात बसून त्याचा पुरेपूर फायदा उठवला, आणि 1796 च्या महाडच्या तहात खर्ड्याला मिळवलेलं बहुतेक सगळं परत गेलं. 1798 साली निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली आला, आणि रेमोंच्या पलटणी मोडल्या.

वेळ उरला तर चौंडीही जामखेड तालुक्यातच आहे. सीना नदीकाठचं अहिल्याबाई होळकरांचं हे जन्मगाव. त्यांचं निधन ऑगस्ट 1795 मधलं, खर्ड्यानंतर पाच महिन्यांनी. पण त्यासाठी खर्ड्याचा वेळ तोडू नका, तिथं अर्धा दिवस हवाच.

जायचं ते दिवाळीनंतर, रानात ज्वारी उभी असताना. मार्चपासून तटावर ऊन सोसवत नाही. पेट्रोल जामखेडलाच भरून घ्या, आणि पाणी मात्र घरूनच, भरपूर न्या. निजामासारखी गत नको.