श्यामच्या पलीकडचे साने गुरुजी





साने गुरुजींच्या लेखनावरचे हे संमेलन कोलाडला का, असे काहींनी विचारले. गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९चा. कर्मभूमी खानदेश. तरीही कुंडलिकाकाठच्या या नाक्याला त्यांच्यावर बोलण्याचा हक्क आहे. येथून उत्तरेला पेण तालुक्यातले गागोदे, विनोबा भाव्यांचे जन्मगाव. दक्षिणेला माणगाव तालुक्यातल्या वडघरला गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक. येथून जाणारा महामार्ग पुढे महाडला जातो, जिथे १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. गुरुजींचे या तिन्ही ठिकाणांशी नाते आहे.

गागोद्याचे नाते धुळ्याच्या तुरुंगात जुळले. १९३२ साली विनोबा आणि गुरुजी तिथे एकाच वेळी कैदेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. अठरा रविवार, अठरा अध्याय. आज जगभर वाचली जाणारी ‘गीता प्रवचने’ गुरुजींच्या हातून कागदावर आली. पेण तालुक्यातल्या एका सुपुत्राचे शब्द पालगडच्या एका शिक्षकाने जपले, ही गोष्ट इथल्या शाळांत आवर्जून सांगायला हवी.

शिक्षक म्हणजे अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढीत. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तशी त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंग पत्करला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांच्याभोवती दक्षिणेकडचे कैदी होते. गुरुजी तमिळ शिकले, तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरळ’चा अनुवाद केला. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी मांडलेल्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे मूळ या कोठडीत आहे.

‘श्यामची आई’ हे गुरुजींच्या आईच्या आठवणींचे पुस्तक घराघरांत आहे. पण ती एका राजकैद्याने लिहिली, हे किती घरांना माहीत असते? नाशिकच्या तुरुंगात दिवसा नेमून दिलेले काम, रात्री आणि पहाटे लेखन, अशा रीतीने ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. १९३५ मध्ये ते छापून आले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. या लोकप्रियतेने गुरुजींचे एक नुकसान मात्र झाले. मराठी मनाने त्यांना आईच्या पदराशीच बसवून ठेवले. त्यांच्यातला लढणारा माणूस नजरेआड गेला.

तो माणूस खोताच्या घराण्यात जन्मलेला होता, हे रायगडकरांनी विशेष ध्यानात घ्यावे. १९३३ ते १९३९ या काळात आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. त्याच वर्षांत गुरुजी पूर्व खानदेशात शेतकऱ्यांची बाजू घेऊन फिरत होते. १९३६च्या फैजपूर काँग्रेससाठी, म्हणजे खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनासाठी, ते गावोगाव राबले. १९३८ साली त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी सभा घेतल्या, तेव्हा मुंबई प्रांतात सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. आपल्या पक्षाच्या सरकारला जाब विचारणारा हा लेखक आजच्या कार्यकर्त्यांनी वाचलाच पाहिजे.

आता महाडशी नाते जोडणारे पंढरपूर. ‘श्यामची आई’मध्ये एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला आई श्यामला मदत करायला सांगते, आणि नंतर आंघोळ करून ये म्हणते. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात इतकेही धाडसाचे होते. आईची माया खरी होती, पण रूढी तिला पूर्णपणे मोडता आली नाही. तिचा मुलगा पुढचे पाऊल टाकायला निघाला. १ मे १९४७ रोजी, विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून, गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभले. आधी राष्ट्र सेवा दलाच्या मुलांना घेऊन त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला होता. उपोषण थांबवावे, असे गांधीजींनी कळवले. ज्यांच्या हाकेवर तुरुंगात गेले, त्यांचाही शब्द गुरुजींनी त्या वेळी मानला नाही. दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीनंतर, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, १० मे रोजी त्यांनी उपोषण सोडले.

लेखक म्हणून त्यांच्यात उणिवा आहेत. कादंबऱ्यांत माणसे फार लवकर चांगली होतात, भाषणे लांबतात. पण विषय पाहा. ‘आस्तिक’मध्ये त्यांनी जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा घेतली आणि नाग म्हणजे सरपटणारे प्राणी नव्हेत, एक मानवी समाज आहे, असे दाखवले. एका समाजाने दुसऱ्याला जाळून टाकायला निघावे, आणि कोणी तरी आड येऊन उभे राहावे! धर्माच्या नावाने देश तापत असताना लिहिलेली ही कादंबरी आज पुन्हा हाती घ्यावी. ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या याच लेखणीने ‘इस्लामी संस्कृती’वरही लिहिले, हे तिच्या शेजारी ठेवावे.

१५ ऑगस्ट १९४८ला त्यांनी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक अजून निघते. ११ जून १९५०ला गुरुजी गेले, तेव्हा ते अवघे पन्नास वर्षांचे होते.

पहिल्या सत्रात त्यांच्या कादंबऱ्यांवर आणि दुपारच्या सत्रात निबंध व पत्रांवर चर्चा होईल. शाळांतील मुलांसाठी पुस्तके मंडपाच्या डाव्या बाजूला मांडली आहेत. ‘श्यामची आई’च्या शेजारी तिथे ‘आस्तिक’ आणि ‘धडपडणारी मुले’ही आहेत, शिक्षकांनी तीही चाळावीत, ही स्वागत समितीची विनंती. संमेलनाध्यक्षांनी आता आपले भाषण सुरू करावे.