पातळ पत्र्याचा सांधा

छत्रपति संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचें औरंगाबाद, आज चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांसाठींहि ओळखलें जातें. अशा नगरींत एक प्रश्न अगत्याचा आहे: अर्ध्या मिलिमीटरहूनहि पातळ असे स्टेनलेस स्टीलचे दोन पत्रे सांधावे कसे? संवेदकाच्या डबीचा सांधा कच्चा राहिला, तर ओल शिरून आंतील यंत्र निकामी होतें.

नेहमींच्या वापरांतील या धातूंत १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. त्यांत उष्णता सावकाश पसरते. शिवाय साध्या पोलादाहून तो अधिक प्रसरण पावतो. म्हणून ज्योतीनें जोडतांना पातळ पत्रा वांकतो, किंवा त्यास भोंक पडतें. १९६० सालीं थिओडोर मेमन यांनीं प्रथम सिद्ध केलेला लेसर येथें उपयोगी पडतो. त्याचा किरण केसाएवढ्या जागेंत एकवटून क्षणार्धांत धातु वितळवितो.

परंतु शक्ति, वेग व किरणाचा केंद्रबिंदु यांचें प्रमाण साधलें पाहिजे. तिघांच्या तीन तीन पायऱ्या घेतल्यास प्रयोग होतात २७. जपानी अभियंते गेनिची तागुची यांच्या पद्धतीनें नऊ प्रयोगांतच दिशा कळते. मात्र पत्र्यांमध्यें फट राहिली, तर सारें गणित व्यर्थ! पत्रे घट्ट बसविणारा कारागिराचा हातच अखेर किरणास यश देतो.